बंड संपूर्ण गाळावे

सातारा

प्रिय दत्ता यास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्रांना उत्तर गेले नाही, यावरून वहिनींनी माझा उद्धार केला असेल आणि तो मला शब्दशः मान्य आहे. प्रकृती ठीक आहे. रक्तदाब गोळीच्या धाकात असतो आणि गुडघे जिना सोडून इतरत्र त्रास देत नाहीत. आज लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे. ते घरात सांगितले तर ‘त्यात एवढे काय’ यापलीकडे कोणी जाणार नाही, म्हणून तुझ्या गळ्यात पडतो आहे.

इथे महाविद्यालयांच्या एकांकिकांची स्पर्धा व्हायची आहे. तिच्या आयोजकांपैकी एक गृहस्थ संहितांचा गठ्ठा घेऊन आले होते. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी पाठवण्याआधी आपल्या पातळीवर कोणा जाणत्याची नजर फिरावी, आक्षेपार्ह दिसेल तिथे मी पेन्सिलीने खूण करावी, मुलांना काय ते आयोजक समजावून सांगतील आणि माझे नाव कुठेही येणार नाही, अशी त्यांची मोठी सौजन्याची विनंती होती. नमुन्यादाखल त्यांनी गठ्ठ्यातली वरचीच संहिता उघडून दाखवली. परजिल्ह्यातून वीटभट्टीवर आलेली कुटुंबे, गावात झालेली चोरी आणि रात्री भट्टीवर चाल करून गेलेला जमाव असा विषय. लिहिणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. जमावाच्या प्रवेशाशेजारी समासात कोणीतरी आधीच लिहून ठेवले होते, ‘हा प्रवेश प्रत्यक्ष न दाखवता, जमाव येऊन गेल्याचे कोणाच्या तरी तोंडी सांगता येईल का?’

दत्ता, खुद्द एडमंड टिल्नी आमच्याकडे चहा पिऊन गेला.

‘सर टॉमस मोर’ या नाटकाच्या हस्तलिखिताचा ‘हार्ली ७३६८’ हा क्रमांक सरांनी आपल्याकडून इतक्या वेळा लिहून घेतला होता की बंड्या त्याला सरांच्या स्कूटरचा नंबर म्हणायचा. त्या हस्तलिखिताची छायाचित्रे मी काल पुन्हा काढून पाहिली. ‘सर टॉमस मोर’ची मूळ प्रत अँथनी मंडेच्या अक्षरातली आहे, नंतरच्या दुरुस्त्या आणखी चार-पाच हातांच्या आहेत, आणि पहिल्याच पानाच्या समासात एलिझाबेथ राणीच्या रंजनखात्याच्या प्रमुखाचा, म्हणजे नाटके तपासणाऱ्या मास्टर ऑफ द रेव्हल्स टिल्नीचा, तो शेरा आहे. बंड आणि त्याचे कारण संपूर्ण गाळावे. महापौरांच्या न्यायसभेत मोर बसला आहे तेथून आरंभ करावा. लोंबार्डांविरुद्धच्या, म्हणजे इटालियन सावकारांविरुद्धच्या, दंग्यात त्याने शेरिफ या नात्याने केलेली कामगिरी मागाहून थोडक्यात सांगावी, केवळ थोडक्यात, अन्यथा होईल त्यास तुम्ही जबाबदार. खाली सही. आमच्या समासातला शेरा आणि हा शेरा यांत चारशे वर्षांचे अंतर आहे, पण युक्ती तीच आहे, की दंगा दाखवू नका, दंगा झाल्याची बातमी द्या.

नाटकातला दंगा १५१७ च्या मे महिन्यातला, म्हणजे टिल्नीच्या काळी जुना झालेला होता. हे नाटक नेमके कोणत्या वर्षी लिहिले गेले यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण भीती कशाची होती हे उघड आहे. फ्रान्समधून आणि नेदरलँड्समधून आश्रयाला आलेल्या कारागिरांवर लंडनचे लोक खवळलेले होते. १५९३ च्या मे महिन्यात डच चर्चच्या भिंतीवर धमकीच्या कविता लागल्या, त्यांच्या खाली मार्लोच्या नाटकातल्या टँबरलेनचे नाव होते. कवीच्या शोधात नाटककार टॉमस किडची खोली झडली, पाखंडी कागद सापडले, किडचा छळ झाला, त्याने ते कागद मार्लोचे असल्याचे सांगितले आणि महिना संपायच्या आत मार्लो डेप्टफर्डला भोसकला गेला. पुढच्या वर्षी किडही गेला. अशा शहरात टिल्नीने नाटकातला ‘परका’ आणि ‘फ्रेंच’ हे शब्द खोडून वर ‘लोंबार्ड’ लिहिले, कारण लंडनमध्ये लोंबार्ड होते किती? आमच्या गृहस्थांनीही जाता जाता सुचवले की भट्टीवरच्या माणसांच्या जिल्ह्याचे नाव काढून कुठला तरी लांबचा प्रांत घातला, तर कोणाच्याच भावना दुखावणार नाहीत.

आणि जो भाग टिल्नीला मुळीच नको होता, त्यातच ती तीन पाने आहेत जी बहुतेक अभ्यासक शेक्सपिअरच्या हातची मानतात. मोर जमावापुढे उभा राहून म्हणतो, की ही माणसे पाठीला मुले बांधून, फाटकी बोचकी घेऊन बंदराकडे पाय ओढत चालली आहेत असे डोळ्यांपुढे आणा. आणि उद्या राजाने तुम्हाला हद्दपार केले, तर तुम्ही कोणत्या देशाच्या दारात उभे राहाल? नाटक त्या काळी रंगभूमीवर आल्याचा पुरावा नाही. ते छापले गेले १८४४ साली.

आता तू खुर्ची पुढे ओढून बसला असशील हे मला दिसते. टिल्नीचे वकीलपत्र तू एम.ए.च्या पहिल्या वर्षी घेतलेस ते अजून टाकलेले नाहीस. तुझे म्हणणे मी तुझ्यापेक्षा नीट मांडू शकतो. १५८१ च्या सनदेने टिल्नीला प्रत्येक नाटक वाचण्याचा आणि ऐकले नाही तर नटांना तुरुंगात घालण्याचा अधिकार मिळाला हे खरे, पण नटांचे खरे वैरी होते लंडनचे महापौर आणि धर्मोपदेशक, ज्यांना नाटकगृहेच जमीनदोस्त झालेली हवी होती. दरबाराच्या या माणसाने सात शिलिंग घेऊन नाटक मंजूर केले, की शहरवाल्यांना हात चोळत बसावे लागे. टिल्नी नसता तर ग्लोबही नसते, हे वाक्य तू कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणाला होतास आणि माझा चहा सांडला होता. यातले बरेच खरे आहे हे मी तेव्हाही मान्य केले होते. चहाचे पैसे मात्र तू दिले नाहीस.

माझे तुझ्याशी वाकडे होते ते तुझ्या पुढच्या सिद्धान्तावरून. बंदीमुळेच ती मंडळी सूचक लिहायला शिकली, थेट बोलता येत नव्हते म्हणून रोम, डेन्मार्क आणि जुने राजे हाताशी आले, आणि सेन्सॉर हाच इंग्रजी नाटकाचा सर्वांत मोठा शिक्षक, असे तू म्हणायचास. वर खाडिलकरांचा दाखला द्यायचास, की १८७६ चा नाटकांचा कायदा आणि राजद्रोहाचे कलम डोक्यावर नसते तर कर्झनला कीचक करण्याची बुद्धी त्यांना झाली नसती. पण दत्ता, कीचकाने सरकारला फार दिवस फसवले नाही. १९०७ चे नाटक १९१० मध्ये बंद झालेच. तू नेहमी पोहून पैलतीरी गेलेल्यांची गणती करतोस.

बुडालेल्यांपैकी एकाचे नाव तरी आपल्याला माहीत आहे. नॅश आणि बेन जॉन्सन यांचे ‘आयल ऑफ डॉग्ज’ हे नाटक १५९७ च्या उन्हाळ्यात झाले आणि त्यात काय होते हे आज जगात कोणालाही सांगता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, ते राजद्रोही ठरवले, जॉन्सन आणि दोन नट मार्शलसी तुरुंगात गेले, नॅश यार्मथला पळाला, आणि नाटकाचे एक पानही उरले नाही. त्यानंतर जॉन्सनच्या मनात आलेली आणि त्याने कागदावर न उतरवलेली वाक्ये कोणत्या क्रमांकाखाली जपून ठेवली आहेत, ते मला सांग. १ जून १५९९ ला आर्चबिशप व्हिटगिफ्ट आणि लंडनचे बिशप बँक्रॉफ्ट यांनी उपहासाची पद्ये छापायचीच नाहीत असा हुकूम काढला, इंग्लंडचा इतिहास प्रिव्ही कौन्सिलच्या परवानगीखेरीज छापू नये असे बजावले, आणि तीन दिवसांनी पुस्तकविक्रेत्यांच्या सभागृहात होळी केली. नॅशची आणि हार्वीची भांडणाची पुस्तके सापडतील तिथून उचलावीत असेही त्या हुकमात होते. आपल्या दोघांचे असे भांडण कोणी छापले असते, तर तेही त्याच होळीत गेले असते.

परंतु माझ्या मते बंदीचे सर्वांत वाईट काम लेखकावर झालेच नाही, ते वाचकावर आणि प्रेक्षकावर झाले. प्रत्येक ओळीच्या पोटात आजचा माणूस लपला आहे, तो शोधून काढायचा, अशी सवय साऱ्या देशाला लागली आणि त्या सवयीचे हिशेब लेखकाला चुकवावे लागले. जॉन हेवर्डने चौथ्या हेन्रीच्या राज्याचा इतिहास १५९९ मध्ये छापून एसेक्स या बड्या सरदाराला अर्पण केला. त्यात दुसरा रिचर्ड पदच्युत होतो, एवढ्यावरून पुढची आवृत्ती जाळली गेली आणि १६०० मध्ये हेवर्ड टॉवरच्या तुरुंगात गेला. यात राजद्रोह आहे का, असे राणीने विचारले तेव्हा कायदेपंडित फ्रान्सिस बेकन म्हणाला, की राजद्रोह नाही पण चोरी पुष्कळ आहे, कारण कितीतरी वाक्ये रोमन इतिहासकार टॅसिटसची उचललेली आहेत. सरांना हा विनोद फार आवडायचा आणि मंदाला मुळीच आवडायचा नाही, कारण माणूस तुरुंगात असताना हा दरबारात हशा मिळवतो आहे असे ती म्हणायची. मंदाचेच बरोबर होते असे आता वाटते; पण त्या हशाने हेवर्डची मान वाचवायला थोडा हातभार लावला असेल, तर मंदालाही एक पाऊल मागे यावे लागेल.

मग १६०१ च्या ७ फेब्रुवारीला एसेक्सच्याच माणसांनी शेक्सपिअरच्या कंपनीला नेहमीच्या कमाईवर चाळीस शिलिंग जास्त देऊन दुसऱ्या रिचर्डचे जुने नाटक लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बंड उठले आणि संध्याकाळपर्यंत विझले; पंचविसाव्या तारखेला एसेक्सचे डोके गेले. नटांच्या वतीने ऑगस्टीन फिलिप्सने जबानी दिली, की नाटक जुने आहे, गर्दी होणार नाही असे आम्ही म्हणत होतो, पैसे जास्त मिळाले म्हणून केले. आणि सरकारने ते ऐकून घेतले. राजाने मुकुट उतरवून देण्याचा प्रवेश १५९७ च्या छापील प्रतीत नाही, तो राणी गेल्यावर १६०८ मध्ये दिसतो. तो कोणी आणि का गाळला यावर अजून वाद आहेत, पण गाळलेला प्रवेश लोक मनात भरून काढत होते यावर नाहीत. पुढे जॉन्सनने ‘बार्थोलोम्यू फेअर’च्या आरंभी प्रेक्षकांशी करारनामाच करून टाकला, की जिंजरब्रेडवाली म्हणजे अमुक बाई आणि डुकराचे मांस विकणारी म्हणजे तमुक, असे शोधत बसणारे कुलूपतोडे इथे चालणार नाहीत. तुरुंग पाहून आलेल्या माणसाचा तो विनोद आहे, आणि त्या गठ्ठ्यापुढे बसलो की मला वाटते, हे लोक मला असाच कुलूपतोड्या म्हणून पगाराविना नेमत आहेत.

नुसत्या क्रौर्याचे नवल मला आता तितके वाटत नाही. राणीच्या फ्रेंच लग्नाविरुद्ध पुस्तक लिहिले म्हणून जॉन स्टब्जचा उजवा हात १५७९ च्या ३ नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टरला सुऱ्यावर मोगरीचा घाव घालून तोडला, त्याने डाव्या हाताने टोपी काढून ‘राणी चिरायू होवो’ म्हटले आणि तो कोसळला. तिथे उभा असलेला इतिहासकार कॅम्डेन लिहितो की गर्दी गप्प होती. मला खिळवून ठेवते ते पुढचे. स्टब्ज नंतर सहीपुढे ‘डावखुरा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव लावू लागला, आणि काही वर्षांनी राणीचा मंत्री बर्ली याला कॅथलिकांच्या एका पुस्तकाचे खंडन हवे होते तेव्हा त्याने ते काम याच स्टब्जला दिले. ज्या राज्याने हात तोडला त्याच राज्यासाठी उरलेल्या हाताने लिहायचे, यात निष्ठा किती आणि नाइलाज किती हे मला कधीच ठरवता आले नाही. तू निष्ठा म्हणशील.

छळ सोसलेला माणूस दुसऱ्याच्या पुस्तकाबाबत उदार होतो, हा समज विल्यम प्रिन या प्युरिटन वकिलाने पार मोडून टाकला. नाटकांविरुद्धच्या त्याच्या त्या जाडजूड ग्रंथाच्या सूचीत नट्यांना शिवी होती, आणि राणी हेन्रिएटा मारिया स्वतः दरबारी नाटकात उतरत असल्यामुळे १६३४ मध्ये त्याचे कान कापले गेले. १६३७ मध्ये पुन्हा शिक्षा झाली तेव्हा उरलेसुरले कान गेले आणि गालांवर राजद्रोही निंदकाची अक्षरे डागली गेली. १६४१ मध्ये स्टार चेंबर हे राजाचे न्यायालय बुडाले, छापखाने मोकळे झाले, आणि हाच प्रिन १६४४ मध्ये मिल्टनची घटस्फोटाची मते दडपून टाका म्हणून लिहू लागला. मिल्टनने त्यावर सुनीत लिहिले. त्याच्या हस्तलिखितात ‘समासवाल्या प्रिनच्या कानांसारखे तुम्हाला छाटतील’ अशा अर्थाची ओळ आहे, पण छापताना त्याने प्रिन आणि कान दोन्ही खोडून ती सौम्य केली. सेन्सॉरच्या विरोधात इंग्रजीतले सर्वांत मोठे पुस्तक लिहिणाऱ्याने स्वतःची ओळ स्वतः कापली, आणि ती कापली हे चांगलेच केले. म्हणजे प्रत्येक खोडणे पाप नसते, हा तुझा मुद्दा मी इथे एकदाचा देऊन टाकतो.

ते पुस्तक, नोव्हेंबर १६४४ चे ‘ॲरिओपॅजिटिका’, संसदेच्या १६४३ च्या परवाना-हुकमाविरुद्ध लिहिलेले आणि विनापरवाना छापलेले. मुखपृष्ठावर मिल्टनचे नाव आहे, मुद्रकाचे नाही. ज्याला इतरांची पुस्तके तपासण्याइतकी विद्या आहे, तो हे कंटाळवाणे काम पत्करणार नाही, आणि जो पत्करील तो अडाणी किंवा पैशाचा लोभी असेल, असे त्यात साफ लिहिले आहे. (मला पैसेही देणार नाहीत, म्हणजे मी कोणत्या रांगेत उभा राहतो ते तूच पाहा.) आणि हाच मिल्टन १६५१ मध्ये सरकारी वृत्तपत्र ‘मर्क्युरिअस पोलिटिकस’चा परवानाधिकारी होऊन बसला! यावरून आपले केवढे वाजले होते ते आठव. तू त्याला ढोंगी म्हणालास आणि मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. पण त्या खुर्चीत बसून त्याने ट्रिनिटी न मानणाऱ्यांची ‘रॅकोव्हियन प्रश्नोत्तरी’ मंजूर केली. संसदेने १६५२ मध्ये ती जाळायला लावली, आणि विचारणा झाली तेव्हा, डच प्रतिनिधी आइत्झेमाच्या नोंदीप्रमाणे, होय, मंजूर केली, पुस्तके बंद करू नयेत असे मी लिहून ठेवले आहे आणि त्याप्रमाणेच वागलो, असे मिल्टनने सांगितले. खुर्ची घ्यायची आणि सगळे सोडून द्यायचे, हा मार्ग मलाही मोहात पाडतो. फक्त मिल्टनने सोडलेले पुस्तक वरच्यांनी जाळलेच, हे विसरता येत नाही.

तुला आठवते, सर १६९५ वर आले की खडू खाली ठेवत? परवान्याचा कायदा त्या वर्षी संपला तो काही स्वातंत्र्याचे तत्त्व जिंकले म्हणून नव्हे. मुद्रकसंघाची मक्तेदारी, घरझडत्यांचा जाच, जकातघरात अडकून पडणारी परदेशी पुस्तके, अशा व्यापारी तक्रारींची यादी संसदेच्या कॉमन्स सभागृहाने दिली आणि कायदा पुन्हा चालू केला नाही. त्या कायद्याखाली छापखान्यांवरचा सरकारी निरीक्षक लेस्ट्रेंज पहाटे चारला जॉन ट्विनच्या छापखान्यात शिरला होता. ओल्या कागदांसह सापडलेल्या ट्विनने पुस्तकाच्या लेखकाचे नाव सांगायचे नाकारले आणि १६६४ मध्ये त्याला फाशी देऊन त्याचे तुकडे केले. कोणाचे तरी नाव झाकण्यासाठी तो मेला, आणि इथे मला चहाच्या कपावर सांगतात की तुमचे नाव कुठेही येणार नाही. सगळ्या प्रकरणात मला हेच वाक्य टोचते आहे. टिल्नीने निदान सही केली. काय गाळावे, त्याऐवजी काय करावे, न ऐकल्यास काय होईल, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, म्हणून आज त्याच्याशी भांडता येते. त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने कोणाशी भांडायचे? पेन्सिलीशी?

तेव्हा माझे उत्तर असे ठरत आले आहे. संहिता मी वाचीन, पण खूण न करता. वाटेल ते निराळ्या कागदावर लिहीन, खाली माझी सही असेल, कागद आयोजकांकडे न जाता थेट लिहिणाऱ्या मुलांच्या हाती जाईल, आणि एकही ओळ काढण्याचे बंधन कोणावर नसेल. जमावाच्या प्रवेशाविषयी माझे मत पक्के आहे, की तो राहिला पाहिजे आणि थोडा लांबला पाहिजे, कारण भट्टीवरच्या बाईला सध्या एकही वाक्य नाही. ही अट त्यांना मानवणार नाही असा माझा अंदाज आहे. मग ते दुसऱ्या कोणाकडे जातील, तो निमूटपणे पेन्सिल फिरवील आणि मी हात झटकून मोकळा झाल्यासारखा होईन. इथेच माझी झोप अडते. अट सोडून आत राहावे आणि तो एक प्रवेश वाचवावा, की बाहेर राहून त्या मुलीला सरळ भेटून सांगावे, याचा निकाल मला लागत नाही. तू टिल्नीचा वकील आहेस. पूर्ण ताकदीने त्याची बाजू मांडून लिही, मला गप्प करता आले तर कर, पण येत्या सोमवारच्या आत कळव, कारण ते गृहस्थ त्या दिवशी यायचे आहेत.

तुझ्या निवृत्तीच्या कागदांचे काय झाले? धाकट्याचे लग्न ठरल्याचे बंड्याकडून कळले, अभिनंदन, तारीख कळव म्हणजे आरक्षण करतो. मोतीबिंदूचे काम थंडीतच उरकून घे, पुढे ढकलू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद